कोपरा कापलेली चादर

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. टेलरमामांनी नाही, वॉर्डातल्या मावशीने नाही. सख्ख्या लेकाने तर फोनवर हसण्यावारी नेलं. "आई, झोप पुरी होत नाही तुझी," म्हणाला. झोपेचं मला कोणी सांगू नये. वीस वर्षं पहाटे साडेचारला उठतेय, आणि डोळे उघडे ठेवूनच घराबाहेर पडते. चार इयत्ता शिकलेली बाई मी, रचून लिहायला मला येत नाही. घडलं तसं लिहिते.

मी दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला आहे. आमची एक पक्की रीत आहे. प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने वॉर्डाचं नाव शिवलेलं असतं. ज्याचं नाव कोपऱ्यात, चादर त्याची. धुऊन, इस्त्री होऊन ती तिकडेच जाते. विरली की आमचे शिवणकाम करणारे टेलरमामा तो नाव असलेला कोपरा कात्रीने उडवतात. मग ती कोणाचीच नाही. फरशी पुसा, नाहीतर घेऊन जा. कोपरा शाबूत असलेलं फडकंही दाराबाहेर गेलं तर मी जाणाऱ्याची सालटी काढते. म्हणून तिथे मला सगळे हवालदारीण म्हणतात. माझं खरं नाव कोणाला आठवतही नसेल.

पावणेसहाची पहिली बस माझी. थांब्यावरच्या बाकड्यावर एक म्हातारी बसलेली असायची. कोपरं फाटलेला स्वेटर, पायात दोन वेगवेगळ्या चपला. भीक मागायची नाही. हात पुढे करायची, त्यात सुई असायची.

"लेकी, एवढा दोरा ओवून दे गं. दिसत नाही."

"बस येतेय, आजी."

रोज हेच. बसला कधी पाच मिनिटं असायची, कधी दहा. खोटं कशाला बोलू? तिच्याकडे बघितलं की मला माझंच पुढचं दिसायचं. नवरा गेला, लेक लांब. संध्याकाळी माझीही वाट दाराचं कुलूपच बघतं. सुई मलाही आता हात लांब करून धरावी लागते. म्हणून मी तिच्याकडे पाठ करून उभी राहायचे.

त्या मंगळवारी कडाक्याची थंडी होती. म्हातारी अंगाभोवती काहीतरी लपेटून बसलेली. जवळ गेले आणि आमच्या फिनेलचा वास आला. निळ्या पट्ट्याची चादर. आमचीच! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ही कुठून उचललीस गं, म्हातारे?"

"दिली... त्या शिंपीदादाने."

"दिली! दवाखाना काय त्याच्या बापाचा आहे?"

मी चादर ओढली. तिने धरून ठेवली. हिसडा दिला तशी तिची बोटं सुटली, एक एक करून.

"नाव काय गं तुझं, लेकी?" तिने विचारलं. रागाने नाही. लक्षात ठेवायचं असावं, तसं.

"हवालदारीण म्हणतात मला. जा, कर तक्रार!"

"हवालदारीण," ती पुटपुटली. तेवढ्यात बस आली.

कामावर पोचताच मी चादर टेलरमामांच्या मशीनवर आपटली. त्यांनी चष्म्यावरून आधी चादरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोपरा बघितलास?"

मी उलगडली. एक कोपरा कापलेला होता, तिरका. रागाच्या भरात मी तेवढंच बघायचं विसरले होते.

"मीच दिली तिला. उरलेल्या लाल दोऱ्याचं रीळही दिलं. वा, हवालदारीणबाई! वीस वर्षांत चोर पकडलात तो हा."

मी चादरीची घडी घालायला लागले.

"जा, आत्ताच देऊन ये."

"आत्ता? गाठोडी काय तुम्ही उतरवणार? उद्या देते."

परतीची बस मागच्या रस्त्याने जाते. मधेच उतरून थांब्यापर्यंत चालत जायचं तर दहा मिनिटं लागली असती. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. रात्री दोन पांघरुणं घेतली, तरी पाय गरम झाले नाहीत. पिशवीत ती चादर खुंटीला टांगलेली होती.

बुधवारी मी लवकरच निघाले. धुकं असं की समोरचा दिवाही पिवळा डाग दिसत होता. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. बाकड्यावर ती बसलेली दिसली आणि मला इतकं हायसं वाटलं की रडूच आलं. मी चादर तिच्या खांद्यांवर घातली, गळ्याशी नीट खोचली.

"चुकले मी, आजी."

तिचा हात पुढे आला. सुई. दुसऱ्या हातात लाल दोऱ्याचं टोक.

या वेळी मी घेतली. उजेड नाही, बोटं बधिर. दोनदा चुकलं. दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं, तर गंजलेल्या लोखंडाची चव आली. तेवढ्यात बस येऊन थांबली. दार उघडलं, कंडक्टर ओळखीचा.

"चला, बाई! एकट्याच काय बसलाय थंडीत?"

"जा तुम्ही... मी मागनं येते."

वीस वर्षांत पहिल्यांदा मी बस सोडली. दोरा गेला एकदाचा. सुई तिच्या हातात दिली. तिची बोटं माझ्या बोटांना लागली, तारेवर रात्रभर राहिलेल्या ओल्या कपड्यासारखी.

"काय शिवायचंय, आजी?"

"नाव घालायचंय," ती म्हणाली. "नाव नसलं की... कोणीही ओढून नेतं."

दुसऱ्या बसने तासाभराने पोचले. टेलरमामांचं मशीन बंद होतं.

"देऊन आले हो चादर!" मी दारातूनच म्हणाले.

"कोणाला?"

"कोणाला म्हणजे? म्हातारीला."

त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. मग म्हणाले, "काल संध्याकाळी तिला बाकड्यावरून उचलून इथेच आणली. बायकांच्या वॉर्डात. रात्री गेली ती. लाकडासारखी गारठली होती, म्हणतात."

"कसं शक्य आहे? तासापूर्वी मी माझ्या हाताने..."

"बस बघू जरा. पाणी पी."

तेवढ्यात वॉर्डातली मावशी गाठोडं घेऊन आली. "त्या म्हातारीच्या खाटेवरचं आहे. रात्रीच बांधून ठेवलं होतं," म्हणाली. मावशीची गाठ मी ओळखते, दातांशिवाय सुटत नाही. दातांनीच सोडली. वर पांढरी चादर, खाली पांढरी चादर. मधे निळ्या पट्ट्याची, कोपरा कापलेली. हाताला ओली लागली, धुक्यातून आल्यासारखी.

"ही यात नव्हती," मावशी म्हणाली. "तिच्या अंगावर पांढरीच होती. गाठ मी मारलीये."

दोघं माझ्याकडे बघायला लागली. मी पिशवी उलटी करून झटकली. डबा पडला, किल्ली पडली. "मी घातली का यात? तुमच्या डोळ्यांदेखत गाठ सोडली ना?" ओरडले मी.

टेलरमामांनी चादर पसरली. कापलेल्या कोपऱ्यासमोरच्या कोपऱ्यात लाल दोरा होता. ताजा. वाकडे, थरथरते टाके.

"हा टाका माझा नाही," ते हळूच म्हणाले.

"कोणत्या वॉर्डाचं नाव आहे, मामा?"

त्यांनी वाचलं. चष्मा काढला, कोपरा माझ्या हातात दिला आणि दोन पावलं मागे सरकले.

ज्याचं नाव कोपऱ्यात, चादर त्याची. आणि दोरा मीच ओवून दिला होता. मी अक्षरांखाली बोट ठेवलं आणि शाळेत वाचायचे तसं एक एक अक्षर लावत गेले...

हवालदारीण.