उजवी चप्पल

गणपती बसायला आठ दिवस राहिले होते. कांदिवलीला चारकोपच्या त्या सोसायटीत शनिवारी रात्री साडेनऊला ऑफिसच्या खोलीत देखाव्याचं काम चाललं होतं. विषय ‘समुद्र वाचवा’. मानसी आणि सर्वेश सकाळीच गोराईच्या किनाऱ्यावरून गोणीभर कचरा वेचून आले होते. अंबादासकाका नेहमीप्रमाणे खुर्ची ओढून मध्येच बसले आणि आधी गोणीच्या वासाबद्दल कुरकुरले. मग सर्वेश गोणीतल्या चपला रंगांप्रमाणे लावतोय हे बघून गप्प झाले.

“सगळ्या एकेकट्याच असणार,” ते म्हणाले. “समुद्र जोडी कधी देत नाही. हात चालू द्या तुमचे. मी सांगतो ते ऐका. बनवलेली गोष्ट नाही, माझ्या शेजाऱ्याची आहे.”

आणि ते सांगू लागले.

मी इथे मुलाकडे यायच्या आधी अंधेरीला, चार बंगल्याच्या म्हाडा कॉलनीत राहायचो. समोरच्या दारात देवदत्त. शाळेत चित्रकलेचा मास्तर, पन्नाशीचा, आणि तत्त्वाचा इतका पक्का की बायको वसुधा त्याच्यापुढे हात टेकायची. काही टाकून द्यायचं नाही, जगात कचरा वाढवायचा नाही. एकदा त्याच्या चामड्याच्या चपलेचा अंगठा तुटला. मी म्हटलं, अरे नवी घे, मास्तर आहेस, भिकारी नाहीस. तर पठ्ठ्याने किनाऱ्यावर सापडलेल्या जाळ्याचा हिरवा दोरा काढला आणि माझ्यासमोर जिन्यात बसून तो अंगठा शिवला. वेडेवाकडे सात टाके. मी मोजले, कारण प्रत्येक टाक्याला तो मला प्लॅस्टिकवर भाषण देत होता.

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर दरवर्षी कचऱ्याच्या कलाकृतींचं प्रदर्शन भरायचं. आदल्या वर्षी त्याने बाटल्यांचं कासव केलं. लोकांनी त्याच्यासोबत सेल्फी काढले आणि तिथेच भेळेचे कागद टाकून गेले. ते त्याच्या फार मनाला लागलं होतं. यंदा बघणाऱ्याची झोप उडाली पाहिजे, म्हणाला. म्हणून त्याने माणूस केला. बुडालेला माणूस. जाळ्यांचे स्नायू, बाटल्यांच्या बरगड्या, थर्माकोलचं डोकं. डाव्या पायात निळी रबरी चप्पल, पट्टा निसटू नये म्हणून खाली खिळा आडवा घातलेली. तीही किनाऱ्यावरचीच. उजव्या पायाला मात्र तशी मिळेना. दुसरी कुठलीही लावली असती तर कोणाला कळणार होतं? पण नाही. माणूस आहे, म्हणाला, दोन तऱ्हेच्या चपला घालून का उभा राहील?

२०२३ सालचा मार्गशीर्ष. तिसरा गुरुवार, अठ्ठावीस डिसेंबर. प्रदर्शन रविवारी. वसुधाने घट मांडलेला, उपास सोडायला आठ वाजता घरी या असं बजावलेलं. साडेसातला देवदत्त टॉर्च घेऊन किनाऱ्यावर पोचला. ओहोटी होती. पाणी खूप आत गेलेलं, वाळू ओली आणि मोकळी. शोधत शोधत तो खाडीच्या तोंडापर्यंत गेला.

तिथे एकजण जाळं सोडवत बसला होता.

पंचविशीचा असेल. अंधारात, दिव्याशिवाय. डावा पाय उघडा. उजव्यात निळी रबरी चप्पल. खाली आडवा खिळा.

देवदत्तला हसूच आलं. आपण ड्रॉइंगचे मास्तर, असा असा पुतळा करतोय, आणि तुझी डावी माझ्याकडे आहे रे बाबा, असं सगळं त्याने सांगून टाकलं. त्या पोराने चप्पल काढली. मांडीला पुसली. पुढे केली.

“ही पण न्या मास्तर. एकटी काय कामाची?”

देवदत्तने गाव विचारलं. त्याने काहीतरी सांगितलं, पण वाऱ्यात ऐकू आलं नाही. घरी कोण असतं, विचारलं. तो जाळंच सोडवत राहिला. चप्पल हाताला बर्फाच्या पेटीतून काढल्यासारखी लागली, पण देवदत्तला घाई होती. आठ वाजत आले होते. वळताना आपण सगळे म्हणतो तेच तो म्हणाला.

“चला, येतो.”

पोराचे हात थांबले.

“कधी?”

आता मला सांगा, आपल्या ‘येतो’ला आजवर कोणी ‘कधी’ विचारलंय का? जातो म्हणू नये म्हणून म्हणायचं, एवढंच ते असतं. देवदत्त गडबडला. रविवारी नाहीतरी इथे यायचंच होतं.

“रविवारी येतो की.”

“नक्की?”

“नक्की.”

दहा पावलं गेल्यावर त्याने टॉर्च मागे फिरवला. जाळं होतं. भोवतीची वाळू सपाट होती. बसल्याची खूण नाही. उठल्याची नाही. पाऊल नाही.

घरी आल्यावर हे सगळं त्याने वसुधाला हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. वेंगुर्ल्याची बाई. तिने ताट वाढलं, पण स्वतःचा उपास काही त्या रात्री सोडला नाही.

शुक्रवारी सकाळी ती त्याला बाजारात सुगंधाकडे घेऊन गेली. सुगंधा वर्सोव्याची कोळीण, वीस वर्षं आमच्या कॉलनीला तिचीच मासळी. ऐकता ऐकता तिचा कोयता हातातच राहिला. श्रावणाच्या सुमाराला एक होडी उलटली होती, म्हणाली. सगळे मिळाले, एक खलाशी मिळाला नाही. कुठून लांबून कामाला आलेला. त्याचं नाव पण कोणाला धड माहीत नव्हतं. त्याच्याकडचं कोणी आलं नाही, कोणी त्याच्या नावाने पाणी सोडलं नाही. मग तिने विचारलं, “मयताला गेलेला माणूस निघताना येतो म्हणतो काय, मास्तर?”

देवदत्त म्हणाला, मला काय माहीत तो मयत आहे.

“तुम्हाला माहीत नव्हतं. पण त्याला पाच महिन्यांत कोणीच येतो म्हटलं नव्हतं. तो वाट बघणार.”

वसुधाने तिथेच, सगळ्या बाजारात, त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. रविवारी पाऊल घराबाहेर टाकायचं नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मूलबाळ नाही, मला दुसरं कोण आहे, असं म्हणाली आणि रडली. देवदत्तने शपथ घेतली. त्याचा विश्वास नव्हता, पण तिच्यावर त्याचा जीव होता.

रविवारी पुतळा टेम्पोतून गेला, शाळेतली मुलं गेली, मास्तर घरी. मी दिवसभर त्याच्याबरोबर पत्ते खेळत बसलो. दुपारी मुलांनी मोबाइलवर फोटो पाठवले. पुतळ्याभोवती गर्दी होती. यंदा कोणी सेल्फी काढत नव्हतं, लोक नुसतेच बघत उभे होते. देवदत्त खूश झाला. मग त्याने एक फोटो मोठा करून बघितला.

पुतळ्याचे दोन्ही पाय उघडे होते.

टेम्पोत पडल्या असतील चपला, मी म्हटलं. त्याने मोबाइल पालथा ठेवला आणि पत्ते पिसले. संध्याकाळी मी घरी आलो. एकतीस डिसेंबर, कॉलनीत स्पीकर लावलेले. पुढे घरात काय झालं ते वसुधाने सांगितलं तेवढंच मला माहीत आहे.

पावणेआठ वाजले होते. ती पोळ्या लाटत होती. स्पीकर मध्येच बंद पडला. खालून हाक आली.

“मास्तर...”

एकदाच.

तिच्या हातातलं लाटणं थांबलं. नका, असं ती म्हणणार होती... पण तीस वर्षांची मास्तरकीची सवय. कोणी हाक मारली की...

“आलो.”

ती बाहेर आली. दार उघडं. जिना ओला. दारात त्याची डावी चप्पल होती. उजवी नव्हती.

गेटवरच्या कॅमेऱ्यात तो दिसतो. मी स्वतः बघितलंय. एका पायात चप्पल. एक पाय अनवाणी. शेजारी कोणी नाही... पण तो बोलतोय. मान वळवून, कोणाचं तरी ऐकतोय.

पोलीस झाले, पेपरात फोटो झाला. मिळाला नाही. ती डावी चप्पल वसुधाने अजून दारातच ठेवली आहे.

काका थांबले. मग त्यांच्या लक्षात आलं की चपला लावणारा सर्वेश मघापासून हललेला नाही.

त्याच्या हातात एक चामड्याची चप्पल होती. उजवी. काकांनी चष्मा चढवला आणि ती दिव्याखाली धरायला सांगितली. अंगठ्यापाशी हिरवा नायलॉनचा दोरा होता. टाके वेडेवाकडे. काका ओठ न हलवता मोजत होते. सातला थांबले.

“ही... कोणी उचलली?”

“उचलली नाही,” मानसी म्हणाली. “सर्वेश गोणी बांधत होता तेव्हा मी पुढे गेले होते. तिथे एकजण बसले होते. कुठल्या कॉलेजची, देखावा कसला, सगळं विचारलं त्यांनी. मग ही काढून दिली.”

काकांनी खुर्ची तिच्याकडे ओढली.

“मानसी,” काका म्हणाले, “तुम्ही मुलं निघताना नुसतं बाय म्हणता ना? मी त्यावरून तुला नेहमी चिडवतो. बाय म्हणालीस ना त्यांना?”

मानसी त्या चपलेकडे बघत होती. सकाळपासून गोणीत होती ती. तरी खालच्या वर्तमानपत्रावर तिचं पाणी पसरतच होतं.

“वयाने मोठे होते हो, काका,” ती म्हणाली. “त्यांना बाय कसं म्हणणार?”