भिंतीकडं वळलेली मान

युसूफ वडगाव या गावच्या बाजारात, ऐन गर्दीत, पौर्णिमा मोबाइल डोळ्यांपुढं धरून खड्या आवाजात आकडे वाचत होती... आणि ऑनलाइन सेंटरच्या काउंटरमागं बसलेल्या पोरानं, सतीशनं, दोन्ही कानांवर हात ठेवले.

असला अपमान तिचा कुणी केला नव्हता. बुद्धवंदनेला वस्तीतल्या बाया तिलाच पुढं बसवत, असा तिचा गळा.

"कानात किडा गेला का?"

"तुमचा ओटीपी गेला," सतीश म्हणाला. "आधारचा ओटीपी कुणाला सांगायचा नसतो. मागच्या मेथीवालीला पाठ झाला असंल आता. उद्या तुमच्या नावावर कुणी सिमकार्ड काढलं म्हंजे?"

"मेथीवाली माझ्या नावानं कुणाला फोन लावणार?"

"ते तिला इचारा. पण मलाबी सांगू नका. हे घ्या, तुमच्या हातानं टाका."

कीबोर्ड तिच्याकडं सरकवून त्यानं मान भिंतीकडं फिरवली. उन्हानं रापलेली मान, कॉलरीच्या वर नुकत्याच कापलेल्या केसांची सरळ रेघ... पौर्णिमाचे आकडे चुकले. बारावी पास पोरगी, पण सहा आकडे काही धड बसेनात.

कागद निघाला. त्यावर आधारचे पहिले आठ आकडे झाकलेले, शेवटचे चार तेवढे उघडे.

"कुठं द्यायचं तर हेच द्या," तो म्हणाला. "कशापायी दिलं, ते वर लिहा."

"चार आकड्यांवर लोकाचं भागतं?"

"भल्या माणसाचं भागतं."

त्या दिवसापासून पौर्णिमाला आधार सांभाळायचं वेडच लागलं. अंगठ्याचा ठसा लॉक करायला गेली, मग उघडायला गेली, मग पुन्हा लॉक करायला. तिची आई भामाबाई म्हणाली, "एवढं जपतीस त्या कार्डाला... हळद लावायची हाय का त्याला?"

आणि दरवेळी तेच. ओटीपी आला की सतीशची मान भिंतीकडं. बाजारातली बाकीची पोरं तिच्यावर डोळे लावून तिच्या मागं येत. नेमकं ज्यानं बघावं, तो भिंत बघत बसे. त्या भिंतीवर एक पाल होती. घरी शिलाई मशीन चालवताना पौर्णिमाला त्या पालीचा हेवा वाटायचा. टीप वाकडी जायची, उसवावी लागायची.

मग भामाबाईनं सांगितलं, "ऐतवारी केजचे पाहुणे येणारेत. तुला बघायला."

शनिवारी पौर्णिमा सेंटरवर गेली. बाजार नव्हता, फुफाटा उडत होता, दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

"आज काय लॉक करायचं?" नजर माऊसवरच ठेवून सतीशनं विचारलं.

तिनं कीबोर्ड ओढून घेतला. मान फिरली. पंखा खडखडत राहिला.

"आला का ओटीपी?" त्यानं भिंतीला विचारलं.

"न्हाई."

"रेंज नसंल. थांबू जरा."

"मागितलाच न्हाई, तर येईल कसा?"

मान हलली, पण वळली नाही. "मग... कशापायी आलात?"

पौर्णिमानं ओढणीचं टोक बोटाला गच्च गुंडाळलं. "उद्या केजचे पाहुणे मला बघायला येणारेत. म्हटलं — त्यांच्याआधी तुमी तरी एकदा बघावं."

मान वळली. सावकाश, गंजलेल्या बिजागरीसारखी. आणि त्यानं असं बघितलं, की इतके दिवस त्याच नजरेसाठी झुरलेल्या पोरीला आता कीबोर्डाकडं बघावं लागलं.

"आईला माझं नाव सांगता का?" त्यानं विचारलं. "मी संध्याकाळी येतो घरी."

"सांगते की. पण किती सांगू... आठ झाकून?"

"समदं सांगा," सतीश म्हणाला. "ह्यात काय झाकायचं न्हाई."