पाठ फिरवून ऐकलेला पियानो

संगीताच्या खोलीचं दार ढकललं आणि रसिका उंबऱ्यातच थबकली. शाळेच्या जुन्या पियानोचं झाकण उघडून एक अनोळखी तरुण आत डोकं घालून बसला होता.

"काय हो, आत काय शोधताय?"

डोकं बाहेर आलं. कुरळे केस, नाकावर धूळ आणि हसू... नको तितकं गोड. "मी दीपेश. डिजिटल पियानो घेऊन आलोय. याच्या तारा पार गंजल्यात हो."

"समुद्र आहे इथं. गंजायच्याच," ती फणकारली.

म्हणजे हाच तो विक्रेता! नवा देणार आणि बदल्यात जुना उचलून नेणार. याच पियानोवर रसिका शिकली होती, याच्यावरच आता मुलांना शिकवत होती. आणि हा गडी त्याच्या पट्ट्या इतक्या हळुवार पुसत होता, की तिला जास्तच संशय आला. एवढी माया कशाला? मुंबईत गिऱ्हाईक बघून ठेवलं असणार, दुसरं काय!

नव्याला जुन्याची सर येणारच नाही, म्हणून रसिका हटून बसली. शेवटी मुख्याध्यापिका सुनंदाबाईंनी तोडगा काढला. दोघींनी खिडकीकडे तोंड करून बसायचं, दीपेश दोन्ही वाजवणार. रसिकाने जुना ओळखला तर तो राहील, नाहीतर टेम्पो दारात उभाच होता.

पहिले सूर... मग दुसरे. बाहेर पावसाची पिरपिर चाललेली. दुसरे सूर कसे भरदार होते, मायेचे—

"दुसरा! दुसरा आपला," म्हणत ती गर्रकन वळली.

दीपेशचे हात नव्या पियानोवर होते.

बाई वळेपर्यंत त्याने हात काढून घेतले. "अचूक ओळखलंत," तो म्हणाला. "बाई, जुना राहू दे."

जिन्यात तिनं त्याला गाठलं. "खोटं का बोललात? काय हवंय तुम्हाला?"

तो छत्रीशी चाळा करत राहिला.

"म्हणजे नवा खरंच तितका चांगला आहे?"

"आहे ना. तोच तर घोळ आहे. एकदा बसवला की त्याचे सूर लावायला कुणी लागत नाही. मग मी परत कशाला येणार... आणि कुणाकडे? जुन्याचे सूर लावायला बाबांनी शिकवलंय मला."

"किती वेळा लावावे लागतात?"

"वर्षातून दोनदा." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "पण इथली हवा खारी... दर रविवारी लावलेले बरे."

त्याच्या एका अक्षरावरही तिचा विश्वास बसला नाही. गाल मात्र तापले होते.

"मग रविवारी... सकाळीच या," ती म्हणाली.