उसनी तृप्ती

दिवाबत्ती झाली. वैजयंतीनं देवघरातल्या रेणुकेच्या टाकाला हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि मग कोनाड्यातली छोटी डबी उघडून वाटाण्याएवढा पांढरा मणी उजव्या कानामागं चिकटवला.

"लावलास?" स्वयंपाकघरातून शाल्मलीनं विचारलं. तिनं आपला मणी आधीच लावला होता.

"लावला गं बाई. कुंकू एकवेळ विसरेन, हा नाही विसरायची."

"मग बस की. भाकरी निवतेय."

मायलेकी समोरासमोर बसल्या. ताटात भाकरी, घेवड्याची भाजी, मुगाची आमटी, कडेला शेंगदाण्याची चटणी. बाहेरच्या पडवीत शाल्मलीचे बाबा, श्रीधर, सतारीच्या भोपळ्याला पॉलिश करत होते. मिरजेतल्या कुठल्याही घरात दिसावं असं चित्र. वेगळे होते ते दोघींच्या कानांमागचे मणी.

शाल्मलीला बुलिमिया होता. मनात वादळ उठलं की भान हरपून खायचं, आणि मग खाल्ल्याच्या भीतीनं, लाजेनं स्वतःच्याच देहाला शिक्षा करायची, असा हा आजार. वरून माणूस धडधाकट दिसतं, हसतं, बोलतं, त्यामुळं घरच्यांना बराच काळ पत्ता लागत नाही. शाल्मली पुण्याला शिकायला होती तोवर यांनाही लागला नव्हता. लागला तेव्हा श्रीधर तिला घरी घेऊन आले आणि वैजयंतीनं डॉक्टर नसरीन तांबोळींचं दार गाठलं. काही आठवडे उपचार केंद्रात राहून पोरगी हळूहळू सावरू लागली. वेळच्या वेळी जेवण, डॉक्टरांशी मोकळं बोलणं, आणि या पावसाळ्यापासून हे मणी.

"हे औषध नव्हे हं," डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "ही कुबडी आहे. पाय भक्कम झाला की सोडायची."

मग त्यांनी समजावून सांगितलं होतं. पोटापासून मेंदूपर्यंत वेगस नावाची एक लांबलचक नस जाते, तिची एक फांदी कानापाशी येते. पोट भरलं की 'पुरे' हा निरोप याच वाटेनं वर पोचतो. या आजारात ती वाट बुजत जाते, रान माजलेल्या पायवाटेसारखी. निरोप निघतो, पण पोचत नाही. मणी काय करतो, तर समोर बसून जेवणाऱ्या सोबत्याच्या नसेतला निरोप, 'अजून' असो की 'पुरे', ऐकतो आणि तोच हलकेच आजारी माणसाच्या नसेजवळ वाजवतो. रोज ऐकून ऐकून ती नस पुन्हा आपली भाषा शिकते. उलट, आजारी माणसाच्या मनात वादळाची लाट उठू लागली, तर सोबत्याचा मणी कोमट होतो. म्हणजे त्यानं जवळ बसावं, बोलावं, हात धरावा.

"म्हणजे आमच्या सतारीतल्या तरफेच्या तारा की!" श्रीधर खूश होऊन म्हणाले होते. "वरची तार छेडली की खालची न छेडता बोलते. फक्त दोन्ही सुरात लावलेल्या पाहिजेत."

"अगदी तस्सं," डॉक्टर म्हणाल्या. "आणि सोबत्याचं काम एकच. खरंखुरं, पोटभर जेवायचं."

नेमकं तेवढंच वैजयंती करत नव्हती.

सोमवार, चतुर्थी, शुक्रवार असे उपास तिनं परकरी वयापासून केलेले. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, शाल्मलीनं यापुढं कुठलाही उपास धरायचा नाही. उपाशी पोट हे या आजाराचं माहेर. वैजयंतीनं ते मनापासून ऐकलं. पण तिच्या मनाला एक टोचणी लागली. देवाचं देणं तर कुणीतरी दिलं पाहिजे! मग चातुर्मास लागला त्या सकाळी तिनं रेणुकेपुढं ओंजळ धरली. "आई, लेकीच्या वाटचे उपास माझ्याकडं लागू. ती खडखडीत बरी होईस्तोवर एकभुक्त राहीन. दुपारी एकदा जेवीन, रात्री अन्नाला शिवणार नाही." नेम बोलून दाखवला की त्याचं तेज जातं, म्हणून नवऱ्यालाही ताकास तूर लागू दिली नाही.

त्यामुळं संध्याकाळी ती ताट घेऊन बसायची खरी, पण भाकरीचे तुकडे करायची, आमटीत बुडवायची, घास तोंडापर्यंत न्यायची आणि काहीतरी आठवल्यासारखं करून उठायची. बसता उठता ताटातलं हळूच मागच्या दारी येणाऱ्या गाईच्या पातेल्यात जायचं.

* * *

श्रावण सरता सरता डॉक्टरांनी तिघांनाही बोलावलं. पडद्यावर शाल्मलीच्या मण्यानं टिपलेली चढउताराची रेघ होती.

"दुपार उत्तम," डॉक्टर म्हणाल्या. "संध्याकाळ मात्र बिघडतेय. शालू, काय होतं गं जेवल्यावर?"

शाल्मली ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "काय सांगू... नीट जेवते हो मी. पण उठले की वाटतं, काहीच खाल्लं नाही. आत खड्डा पडल्यासारखं. मग लाट येते. परवा दोनदा मी हरले."

"हरले नाही म्हणायचं. घसरले म्हणायचं. घसरलेलं माणूस उठतं." डॉक्टरांनी पडद्याकडं पुन्हा पाहिलं. "सोबत्याकडून 'पुरे' येतच नाहीये. कधी मणीच सोबत्याला मानवत नाही. असंच राहिलं तर दसऱ्याच्या आत सोबती बदलावा लागेल. नाहीतर पुन्हा केंद्रात राहायला जावं लागेल."

"मला करा सोबती," श्रीधर म्हणाले. "मी 'पुरे' म्हणतो आणि वर दोन भाकऱ्या आणखी घेतो."

"म्हणूनच नको," डॉक्टर हसल्या. "तुमची नस खोटं बोलते."

सगळे हसले. कुणाची नस खोटं बोलत होती, ते वैजयंतीला मात्र पुरतं कळलं होतं. उपास सोडावा तर देवी रुसेल, लेक कशी बरी व्हायची? न सोडावा, तर तिचाच खड्डा लेकीच्या पोटात उतरत होता.

त्या संध्याकाळी ती पुन्हा ताट घेऊन बसली. घास उचलला. "अगंबाई, दुधाखालचा गॅस..." म्हणत उठू लागली.

"आई, बस खाली." शाल्मलीचा आवाज शांत होता. "गॅस बंद आहे. डाव्या हाताखालचा भाकरीचा तुकडा ताटात ठेव."

वैजयंतीनं तुकडा ताटात ठेवला.

"पदराआड धरायचा, मग पाण्याला उठायचं, येताना हात रिकामा." शाल्मली म्हणाली. "आई, चोराच्या वाटा चोराला माहीत. या विद्येत मी तुझी गुरू आहे. चार दिवस झाले बघतेय मी! म्हटलं, सांगेल आपण होऊन."

"शालू, अगं, तसं नव्हे..."

"मग कसं? तुलाही माझ्यासारखं...?" आता मात्र पोरीचा आवाज हलला. डोळ्यांत इतकी भीती, की वैजयंतीचं सगळं तेज, सगळा नेम पाण्यासारखा वाहून गेला.

तिनं सांगून टाकलं. नवस, एकभुक्त, गाईचं पातेलं, सगळं. श्रीधर हातातला पॉलिशचा बोळा तसाच घेऊन दारात उभे राहिले होते.

शाल्मलीनं तोंड ओंजळीत झाकलं. मग तिचे खांदे गदगदू लागले. रडतेय वाटून वैजयंती पुढं झाली, तर पोरगी हसत होती. डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून हसू.

"म्हणजे रोज रात्री मला जी भूक लागायची ती तुझी होती? देवा! मी डॉक्टरांपुढं तासतास रडले गं! माझ्या बालपणात काय बिघडलं ते शोधत बसलो आम्ही!"

"आणि ती गाय?" श्रीधर म्हणाले. "तरीच म्हटलं, गवळी सांगत होता, आमची गाय हल्ली तुमच्या दारातनं हलत नाही."

हसू ओसरल्यावर शाल्मलीनं आईचा हात धरला. "आई, मला तुझा उपास नको. तू उपाशी असलीस की मला कसं वाटतं ठाऊक आहे? मीच तुझं अन्न खाल्लंय असं वाटतं."

* * *

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर वैजयंती देवघरात बसून राहिली. क्षमा मागायची होती. समोर नैवेद्याचं ताट होतं. वरण, भात, भाजी, कोशिंबीर, वर तुळशीचं पान. ती त्या ताटाकडं पाहत राहिली. एवढ्या वर्षांत देवीला तिनं एक दिवस उपाशी ठेवलं नव्हतं. ताप असो, घरात पाहुणे असोत, आधी तिचं ताट. जिला आपण रोज पोटभर जेवू घालतो, ती आपल्याला उपाशी ठेवून प्रसन्न कशी होईल? आई आहे ना ती?

वैजयंतीनं ओंजळ धरली आणि नेम बदलून घेतला. "रोज संध्याकाळी लेकीसमोर बसून पोटभर जेवीन. मध्ये उठणार नाही. ती बरी होईस्तोवर. आणि झाल्यावरही."

"जगातलं पहिलं व्रत असेल हे," श्रीधर म्हणाले. "जेवायचं! मीही धरू का?"

"तुम्ही भाकऱ्या थापा."

डॉक्टरांना सगळं सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. "आमच्याकडं आजारी माणसाला रोजा माफ असतो, पण त्याच्या अम्मीनं जास्तीचे धरायचे नसतात," एवढंच म्हणाल्या, आणि मग पदर तोंडाला लावून खूप हसल्या.

व्रत सोपं वाटलं होतं. निघालं मात्र उपासापेक्षा अवघड. वैजयंती जेवायची, अगदी नेमानं, तरी रेघ काही वर चढेना. "आई, तू जेवतेस, पण जेवत नाहीस," शाल्मली म्हणायची. "लक्ष सगळं माझ्या ताटात. मीठ बरोबर झालं का, भाजी उरली का, उद्याला डाळ भिजत घालायचीय का. पोटाचा निरोप यायचा कुठून? तिथं उचलणारं कुणी नाही."

वैजयंतीला नवल वाटलं. पोट भरणं म्हणजे काय, ते तिनं कधी नीट पाहिलंच नव्हतं. भांड्यात उरलेलं संपलं की जेवण संपलं, एवढंच तिला माहीत. मग मायलेकी मिळून शिकू लागल्या. डोळे मिटून पहिला घास. भाकरी पोटात कुठवर गेली, ऊब कुठं पसरली. "आता?" "अजून नाही." "आता?" "थांब गं, गडबड करू नकोस, मला कळू दे!"

श्रीधरांच्या भाकऱ्या कधी नकाशासारख्या, कधी वातड. पण तव्यावरून थेट ताटात पडायच्या. लग्न होऊन आल्यापासून वैजयंतीनं तव्यावरची गरम भाकरी बसून खाल्ल्याचं तिला आठवेना. एका संध्याकाळी तशीच फुगलेली भाकरी, वर लोण्याचा गोळा, भरलं वांगं. तिनं शेवटचा तुकडा चटणीला लावला, खाल्ला, आणि श्रीधर पुढची भाकरी वाढायला आले तसा तिचा हात आपोआप ताटावर आडवा झाला.

"पुरे," ती म्हणाली. आणि चकित झाली. पोटात दिवा लागावा तसं काहीतरी शांत, पिवळंसं उजळलं होतं.

समोर शाल्मलीचा घास हातातच राहिला. तिचे डोळे मोठे झाले.

"आई! आलं!" ती ओरडली. "आलं गं! हे असं असतं?"

"असं असतं बहुतेक," वैजयंती हसत, डोळे पुसत म्हणाली. "मलाही आजच कळतंय."

"अहो, ही तिसरी भाकरी कुणी खायची?" श्रीधरांनी हातातली भाकरी नाचवली, आणि दोघी एकदम म्हणाल्या, "गाईला!"

त्यानंतरही लाटा आल्या. नाही आल्या असं नव्हे. वैजयंतीचा मणी कोमट झाला की ती हातातलं टाकून लेकीजवळ जाऊन बसायची. काही विचारायची नाही. एकदा दोघींनी मिळून अख्खी शेंगांची टोपली सोलली. लाट येई, पसरे, ओसरे. नवरात्र उजाडेपर्यंत शाल्मलीच्या रेघेत संध्याकाळ आणि दुपार ओळखू येईनाशी झाली.

दसऱ्याच्या आधी डॉक्टरांनी दोघींना बोलावलं, तेव्हा केंद्रात जायचा विषयच निघाला नाही. डॉक्टरांनी एक नवी डबी टेबलावर ठेवली. "जयसिंगपूरहून एक मुलगी येते. घरी कुणी समजून घेणारं नाही, समोर बसून जेवणारं नाही. वैजयंतीताई, तुम्ही तिच्या सोबती व्हाल?"

वैजयंतीनं तोंड उघडण्याआधीच शाल्मली म्हणाली, "मी होऊ?"

डॉक्टरांनी नवी डबी हलकेच आपल्याकडं ओढली.

"आत्ता लगेच नाही," डॉक्टर सावकाश म्हणाल्या. "आणखी भक्कम हो. आधी ताई बसतील. मग बघू."

"चालेल. पण मला विचारायचंय ते वेगळंच." शाल्मलीनं कानामागचा मणी काढून तळहातावर ठेवला. "काल मी हा न लावता जेवले. आईला सांगितलं नव्हतं. तरी 'पुरे' आलं. अगदी आईला येतं तसं, पिवळंसं. डॉक्टर, ते माझं आहे, की आईचं माझ्यात राहून गेलंय?"

डॉक्टर तांबोळींनी चष्मा काढला. "खरं सांगू? अजून कुणालाच ठाऊक नाही," त्या म्हणाल्या.

वैजयंती लेकीच्या तळहातावरच्या मण्याकडं पाहत होती. तिच्या पोटात दुपारचं जेवण समाधानानं निवांत होतं. तीही हे लेकीमुळंच तर शिकली होती. मग मूळ कुणाचं म्हणायचं? आणि जयसिंगपूरच्या त्या अनोळखी पोरीच्या पोटात उद्या हाच दिवा लागला, तर तो किती हातांतून आलेला असेल, आणि पुढं किती घरांत जाईल?