चौदाव्या कोअरचे दोन तुकडे

लिफ्टवर ‘बंद आहे’ असा पुठ्ठा लटकत होता. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या त्या इमारतीचे जिने सप्टेंबरच्या ओलीने बुळबुळीत झाले होते. श्रुतिका परब डबा आणि छत्री सांभाळत चढत होती. तिच्या दोन पायऱ्या पुढे एक उंच, सावळा तरुण स्वतःशीच कुरकुरत चालला होता.

तिसऱ्या मजल्यावर तो दम खायला थांबला. “तुम्ही इथेच काम करता?”

“हो.”

“मग सहाव्या मजल्यावर एस. परब म्हणून कोण म्हातारा बसतो, सांगा ना. माझ्या पंचवीस पानांवर त्रेचाळीस शंका काढल्यात. दुसरं काही कामच नाही वाटतं.”

श्रुतिकाने ओठ दाबले. “आहे खरा. फार खडूस आहे... पण शंका बरोबर असतात त्याच्या.”

वर पोचल्यावर तिने टेबलावर डबा ठेवला आणि नावाची पाटी त्याच्याकडे वळवली. तो पाटीकडे पाहत राहिला — मग तिच्याकडे.

“बसा,” ती म्हणाली. “पहिल्या शंकेपासून सुरू करू या?”

त्याचं नाव नितेश कोळी. माहुलचा. वडील गुणाजी आयुष्यभर खाडीत होडी घालत आले. मुलगा भूशास्त्र शिकून दोन महिने परदेशी जहाजावर राहून आला. त्या जहाजाने अरबी समुद्राच्या तळाला शेकडो मीटर खोल भोकं पाडून गाळाचे लांबलचक दांडे वर काढले होते. त्यांना कोअर म्हणतात. असल्या मोहिमेचं सगळं छापून ठेवतात. निघण्याआधी आराखडा, परतल्यावर प्राथमिक अहवाल आणि शेवटी आकडे, फोटो, निष्कर्षांचा जाडजूड खंड, जगात कुणालाही वाचायला खुला. तो खंड श्रुतिकाच्या ऑफिसात तयार होत होता. प्रत्येक तक्ता फोटोशी ताडून पाहायचा, हे तिचं काम.

नितेश दर गुरुवारी येऊ लागला. शंका फोनवरही सुटल्या असत्या, हे दोघांनाही ठाऊक होतं. ‘अहो-जाहो’ दुसऱ्याच गुरुवारी गळून पडलं.

“समुद्राच्या तळाचा रंग कसा असतो रे?” एकदा तिने विचारलं.

“तुझ्या ओढणीसारखा. हिरवट राखाडी.”

“ही तारीफ आहे?”

“आमच्याकडे सगळ्यात चांगला गाळ तोच.”

ती हसली. खिडकीबाहेर आभाळ दिवसभर उतरून आलेलं असायचं, ट्यूबलाइट फडफडायची, आणि तो बोलत राहायचा — माहुलच्या रिफायनरीच्या वासाबद्दल, रिकाम्या परतणाऱ्या होड्यांबद्दल. “बाबा म्हणतात, वरचं पाणी आम्ही उपसलं, खालचा चिखल तू उपस.” हे सांगताना तो हसायचा, पण डोळे हसत नसत. जर्मनीची फेलोशिप जवळजवळ पक्की होती. लाखो वर्षांपूर्वी मान्सून एकाएकी आटला, हा गाळावरून लावलेला त्याचा शोध तिथे सगळ्यांना आवडला होता.

ऑक्टोबरच्या एका दुपारी श्रुतिका चौदाव्या कोअरचे फोटो पाहत होती. कोअरचे दीड-दीड मीटरचे तुकडे करून त्यांना क्रमांक देतात. फोटोत तिसऱ्या तुकड्यावर ज्वालामुखीच्या राखेचा पांढरा पट्टा होता. तक्त्यात तो चौथ्यात होता. तिने पुन्हा पाहिलं, मग तिसऱ्यांदा. दोन तुकड्यांची अदलाबदल झाली होती. तिने आकडे सरळ लावले, आणि आलेखात एकाएकी खाली कोसळलेली पावसाची रेघ हळूहळू उतरत गेली. मान्सून एकाएकी आटला नव्हताच.

नितेश आला तेव्हा तिने नेहमीसारखा चहा मागवला नाही. स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

त्याने पांढऱ्या पट्ट्यावर बोट ठेवलं. “जहाजावरची ती पाळी माझीच होती,” तो शेवटी म्हणाला. “आकडे मीच भरले.”

“माहीत आहे.”

“श्रुती... कुणी बघणार नाही गं हे. फेलोशिपचा निकाल पुढच्या महिन्यात आहे. नंतर दुरुस्ती देईन ना.”

“हा खंड उद्या कुणीही उघडेल, नितेश. याच आकड्यांवर दुसरं कुणी आपलं काम उभारेल. मी बघितलंय, आता न बघितल्यासारखं कसं करू?”

“तुला काय जातंय?”

तिला काय जात होतं, ते तिने सांगितलं नाही. “लेखक तू आहेस,” ती एवढंच म्हणाली. “दुरुस्तीवर सही तुझी लागेल.”

तो जिना उतरून गेला.

पुढचा गुरुवार कोरडा गेला. त्यापुढचाही. त्याचा फोन वाजून वाजून बंद व्हायचा. कांदिवलीच्या घरी आई ताटाकडे बोट दाखवून म्हणायची, “जेव गो, असा काय करतंस?” श्रुतिका भात चिवडत राहायची. तिसऱ्या आठवड्यात विभागप्रमुख विनिता मॅडमनी विभाग चेन्नईला हलवत असल्याचं सांगितलं. जायचं तर दोन वर्षं तिकडे, नाहीतर राजीनामा. श्रुतिकाने एक दिवस नितेशच्या फोनची वाट पाहिली आणि होकार कळवला.

आणि दुसऱ्याच दिवशी, बुधवारी, तो आला. दाढी वाढलेली, हातात सही केलेला नवा तक्ता आणि नव्याने लिहिलेला निष्कर्ष.

“जर्मनीला मीच कळवलं,” तो म्हणाला. “त्यांचं उत्तर आलं. सभ्य भाषेत नाही म्हणालेत.”

“मला फोन का नाही केलास?”

“लाज वाटत होती. तुला काय जातंय, असं विचारून गेलो ना... तुझ्याशिवाय दुसरं कुणी सांगितलं असतं, तर मी भांडून दाबून टाकलं असतं. तू सांगितलंस म्हणून झोप गेली.” तो थांबला. “मला तू आवडतेस, श्रुती. आता इथेच आहे मी. कॉलेजात शिकवेन.”

तिने कागद फाइलला लावले.

“मी चेन्नईला चाललेय,” ती म्हणाली. “काल होकार दिला. दोन वर्षं.”

बाहेर कुठल्याशा कारखान्याचा भोंगा वाजून थांबला. नितेश खुर्चीत बसला, हळूच, जड वस्तू खाली ठेवावी तसा.

“एक दिवस आधी आलो असतो तर?”

“तर बहुतेक गेले नसते.” तिचे डोळे भरले होते, पण तिने नजर हलवली नाही. “मलाही तू आवडतोस रे. किती दिवसांपासून.”

“कधी निघतेस?”

“रविवारी.”

त्याने टेबलावरचा तिचा हात हातात घेतला. ऑफिसात सगळे बघत होते. तिने तो सोडवला नाही. रविवारला चार दिवस होते.