एक छर्रा कमी

ते चाक मी आधी धरलं होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन.

भंगारवाल्याच्या आवारात, भिजलेल्या पत्र्यांच्या ढिगाखाली ते अडकलं होतं – मोठं, मजबूत, एकही स्पोक न तुटलेलं सायकलचं चाक. मी ओढलं, ते हललं नाही. जोर लावून पुन्हा ओढलं, तर ढिगाच्या पलीकडून कुणीतरी उलटं ओढलं.

“सोडा,” मी म्हटलं.

“तुम्ही सोडा.”

“मी आधी धरलंय.”

“मी परवापासून बघून ठेवलंय.”

“नुसतं बघून कुणाचं होतं का काही?”

पलीकडे कुणीतरी हसलं. मग ढिगावरून एक डोकं वर आलं. केस पावसाने कपाळाला चिकटलेले, गालावर ग्रीसचा पट्टा, आणि त्या सगळ्या घाणीत डोळे मात्र असे लख्ख... की मी जे बोलणार होते ते विसरले.

“कशाला हवंय?”

“वडिलांसाठी. गाडी करायचीय, बसायची.”

“कोण करणार?”

“मी.”

“पाना धरलाय कधी हातात?”

“सुई धरलीय. बटणं लावते, काजं करते. एवढं जमतं तर तेवढंही जमेल.”

त्याने चाक एकदम सोडून दिलं आणि मी चाकासकट मागच्या चिखलात बसले. आमची ओळख झाली ती अशी.

गल्लीत सगळे त्याला खटपट्या म्हणत. टाकून दिलेल्या सायकली आणायच्या आणि त्यांतून काहीतरी उभं करायचं, हाच त्याचा धंदा. त्याच्या शेडमध्ये पेडल मारून फिरणारं कपडे धुण्याचं पिंप होतं, कात्र्यांना धार लावायचं यंत्र होतं, आणि साखळीवर चालणारा एक पंखा होता. तो पंखा चालवताना माणसाला इतका घाम यायचा, की वारा घेण्यात काही अर्थच नव्हता.

“हा विकला गेला नाही का?” मी विचारलं होतं.

“एकाने नेला होता. दुसऱ्या दिवशी बारीक होऊन परत आला.”

मी हसले. फार दिवसांनी हसले, म्हणून आवाज जरा मोठाच निघाला आणि मीच दचकले.

हसण्यासारखं आमच्या घरात काही उरलं नव्हतं. बाबा नदीवरच्या लोखंडी पुलाचे रंगारी. एकतीस वर्षं तोच पूल. या टोकापासून रंगवत त्या टोकाला पोचायला चार वर्षं लागायची, आणि पोचेपर्यंत या टोकाला गंज चढलेला असायचा. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या कमानीपाशी शिडीवर असतानाच त्यांचं डावं अंग गेलं. तेव्हापासून ते आमच्या खोलीतल्या खिडकीशी. आई नाही. मी आणि माझा बटणांचा डबा, एवढंच त्यांचं जग.

आणि आता पूलच पाडणार होते. शनिवारी संध्याकाळी कायमचा बंद, अशी पाटी लागली होती. बाबांनी दोन वर्षांत माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. पाटीचं कळल्यावर एवढंच म्हणाले, “जिथे माझा ब्रश थांबला ना, तिथे एकदा हात लावून येऊ या का गं?”

पुलावर मोटारी कधीच्या बंद केल्या होत्या. दवाखान्याची चाकाची खुर्ची भाड्याने मिळत होती, पण पुलावरच्या लोखंडी पट्ट्यांमधल्या फटींत तिची पुढची चिमुकली चाकं अडकली असती. मोठी चाकंच हवी होती.

“पुढे दोन चाकं, मधे खुर्ची, मागे सायकल,” खटपट्या जमिनीवर खडूने काढत म्हणाला. “मी मागून पेडल मारीन. तुम्ही शेजारून चाला आणि मला शिव्या घाला.”

“शिव्या कशाला?”

“चढावर लागतात. त्याशिवाय जोर येत नाही.”

तीन आठवडे लागले. माझं काम संपलं, की मी शेडवर जायची. पत्र्यावर पाऊस वाजत असायचा, तो कानशीने लोखंड घासत असायचा, मी जुन्या कोटाच्या कापडाची गादी शिवत बसायची. तो मला बटणबाई म्हणायला लागला. मी रागावल्यासारखं करायची. पाना मागताना तो हात मागे करायचा, आणि मी पाना दिला तरी तो हात क्षणभर तसाच राहायचा... कधी ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं ते कळलंही नाही. घरी जाताना माझ्या बोटांना ग्रीसचा वास यायचा आणि मी हात उशिरा धुवायची.

रविवारी गाडी झाली. फक्त डाव्या चाकात छर्रे भरायचे राहिले होते. छर्रे म्हणजे चाकाच्या मधोमध, ग्रीसमध्ये बसवायच्या पोलादी गोळ्या, वाटाण्यापेक्षाही लहान. एका बाजूला नऊ.

त्याने वाटीतले मोजून घ्यायला सुरुवात केली आणि त्यातला एक निसटून माझ्या पायाशी आला. मी त्यावर पाय ठेवला.

का ठेवला? काही ठरवलं नव्हतं. एवढंच वाटलं, की हे चाक बसलं की उद्या पूल आणि परवा मी पुन्हा माझ्या खोलीत.

“...सात, आठ.” तो खाली वाकून शोधत राहिला. माझ्या चपलेपाशी येऊन त्याची नजर थांबली... की मला तसं वाटलं? “एक कमी आहे.”

“मग?”

“एक छर्रा कमी असला, की चाक बसवता येत नाही. आणि एकाच मापाचे लागतात. उद्या शोधून आणतो.” मग हळूच म्हणाला, “उद्या येशील ना?”

“यावंच लागेल,” मी म्हटलं. खुशीने माझे कान तापले होते.

सोमवारी त्याने एक आणला, आणि वाटी माझ्याकडे असताना मी एक मुठीत घेतला. पुन्हा आठच! तो डोकं खाजवायला लागला. “या शेडमध्ये उंदीर पोलाद खायला लागले वाटतं.” मंगळवारी तेच. बुधवारी तेच. घरी बटणांच्या डब्यात चार छर्रे जमले. पूल बंद व्हायला शनिवारपर्यंत वेळ होता. शुक्रवारी नक्की, असं मी स्वतःला बजावत होते.

आणि बाबा? बाबा रविवारपासून रोज सकाळी माझ्याकडून दाढी करून घेत होते. ठेवणीतला पांढरा शर्ट घालून, केस विंचरून, दाराकडे तोंड करून बसत होते. संध्याकाळी मी सांगायची, “आज नाही हो बाबा, एक छर्रा कमी आहे.”

“माझ्या पुलाला एवढे रिव्हेट,” ते म्हणायचे, “आणि तुमचं एका छर्ऱ्यावाचून अडलंय! असू दे, असू दे. पूल काय, कुठे पळून जातोय थोडाच?”

मग मी त्यांचा शर्ट काढून पुन्हा घडी घालून ठेवायची.

गुरुवारी सकाळी मी त्यांची दाढी करत होते. उजवा गाल झाला होता, डाव्या गालावर साबणाचा फेस होता. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, “कळलं का? पहाटे पुलाची एक पट्टी नदीत पडली. दोन्हीकडून पत्रे ठोकून बंद केलाय. आता कुणालाच सोडत नाहीत.”

वस्तरा माझ्या हातात तसाच राहिला.

बाबा खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले, “दुसरा गाल राहू दे आता.”

मी डब्यातले छर्रे घेतले आणि धावत शेडवर गेले. तो डाव्या चाकापाशीच बसला होता. त्यालाही कळलं होतं. मी चारही छर्रे त्याच्यापुढे फळीवर ठेवले. एक घरंगळला, तो त्याने बोटाने अडवला.

“मी चोरले,” मी म्हटलं. “रोज एक. मला... मला इथे यायचं होतं. गाडी झाली, की मी कशाच्या निमित्ताने आले असते?”

त्याने फळीखालून एक पत्र्याचा डबा काढला आणि माझ्यासमोर उघडला. आत छर्रे होते. शेकडो. सगळे एकाच मापाचे.

“रविवारी तुझ्या पायाखाली होता, ते मी बघितलं होतं,” तो म्हणाला. “आणि एक कमी असला म्हणून चाक अडत नाही. आठावर पण फिरतं, मजेत फिरतं. या धंद्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मीच तुला खोटं सांगितलं.”

“का?”

“तू ज्यासाठी चोरलेस, त्यासाठीच. मला तू...”

“नको,” मी म्हटलं. “आज नको बोलूस. आज नाही ऐकवणार मला.”

हेच शब्द ऐकायला मी तीन आठवडे जीव टाकत होते. आता ते समोर आले होते आणि मला दाराकडे तोंड करून बसलेला पांढरा शर्ट दिसत होता. मी रडायला लागले, तेव्हा त्याने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

दुपारी आम्ही बाबांना गाडीत बसवलं. ते नको म्हणत होते, मीच ऐकलं नाही. वाटलं, निदान लांबून तरी. खटपट्याने चाक बसवताना मोजून आठच छर्रे भरले होते, नववा माझ्या देखत डब्यात टाकला होता. पाऊस भुरभुरत होता. बाबांच्या एका गालावर पांढरे खुंट तसेच होते.

पुलाच्या तोंडाशी माणसापेक्षा उंच पत्रे ठोकले होते. पहारेकऱ्याला मी सगळं सांगितलं. त्याला वाईट वाटलं, पण तो तरी काय करणार? दोन पत्र्यांच्या मधे हातभर फट होती, तिथपर्यंत गाडी नेऊ दिली त्याने. फटीतून तिसरी कमान दिसत होती. अर्धी राखाडी, अर्धी गंजाने तांबूस.

“तिथपर्यंत माझं,” बाबा म्हणाले. त्यांनी उजवा हात फटीतून पुढे केला. हाताला काहीच लागलं नाही. जरा वेळ हात तसाच पावसात धरला आणि मांडीवर आणून ठेवला.

मला राहवलं नाही. “बाबा, माझ्यामुळे झालं. ते छर्रे...”

“माहीत आहे.”

खटपट्याने मागे मान खाली घातली.

“एकतीस वर्षं सायकलवरून कामावर गेलो मी,” बाबा पुलाकडे बघतच म्हणाले. “पंक्चर, साखळी, छर्रे, सगळं माझ्या हातानेच केलं. एका छर्ऱ्यावाचून चाक अडत नाही, हे मला कुणी सांगावं? रविवारी तू हसत घरी आलीस. किती दिवसांनी आलीस तशी. म्हटलं, हसू दे पोरीला. पूल कुठे पळून जातोय...”  मग अगदी हळू म्हणाले, “पण दाढी मात्र रोज करून बसायचो. वाटायचं, आज तरी म्हणशील, चला बाबा.”

 मी त्यांच्या गादीची कड धरून उभी राहिले. ती गादी मी शेडमध्ये हसत हसत शिवली होती.

आम्ही परत निघालो. बाबांना झोप लागली, की त्यांनी नुसतेच डोळे मिटून घेतले, ते मला कळलं नाही. रस्ता चढाचा होता. खटपट्या उतरून गाडी ढकलत होता, मी शेजारून. त्याचा हात दांड्यावर माझ्या हातापासून चार बोटांवर होता आणि दोघांनीही तो तेवढाच लांब ठेवला. डावं चाक इतकं मऊ फिरत होतं, की त्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. सगळी वाट मी तो आवाज यावा म्हणून कान देऊन होते. एकदा तरी खडखडावं, अडावं. नाही अडलं.

दारात आम्ही बाबांना उचलून आत नेलं. मी त्यांचा शर्ट काढला, घडी घातली. बाहेर आले, तर तो पावसात गाडीपाशीच उभा होता.

“उद्या येशील?” त्याने विचारलं. या वेळी त्याच्या आवाजात हसू नव्हतं, आणि निमित्तही कुठलं नव्हतं.

नाही म्हणायचं मी मनाशी ठरवूनच बाहेर आले होते.

“येईन,” मी म्हटलं. आत बाबांनी कूस बदलल्याचा आवाज आला, आणि मला त्याच्याकडे वर बघवेना.