न मोजलेले पहारेकरी

हेमांगी केळुसकरने पडद्यावरची ओळ दोनदा वाचली आणि हातातला पाण्याचा पेला न पिताच खाली ठेवला. रत्नागिरीच्या टेकडीवरच्या गर्भरक्षा प्रयोगशाळेत सकाळचे नऊ वाजले होते. आदल्या दिवशी तिचं डोहाळजेवण झालं होतं. केसांतली अबोली अजून पुरती सुकलीही नव्हती.

'गव्हाचा अंश सापडला. काल दुपारी एक वीस. आज सकाळी साडेसात.'

हेमांगीला सिलिअ‍ॅक होता. गव्हातलं ग्लुटेन नावाचं चिकट प्रथिन पोटात गेलं की तिचं शरीर शत्रू शिरला असं समजून स्वतःच्याच आतड्यावर तुटून पडायचं. आजाराचं निदान व्हायला उशीर झाला आणि तोवर तिचे दोन गर्भ गेले. एक आठ आठवड्यांचा, एक दहा. तिसऱ्या खेपेला ती कुणावर विसंबली नाही. तिनं स्वतःच एक यंत्र घडवलं, साबुदाण्याएवढा अन्नप्रहरी. तो आतड्याला चिकटून बसायचा आणि ग्लुटेन दिसताच रसायनाची हाक द्यायचा. त्या हाकेला शमनपेशी धावून यायच्या. शरीराच्या सैन्याला 'हा आपला आहे, सोडा' असं बजावणारे हे पहारेकरी.

कालही ते धावून आले होते. आतड्याला ओरखडासुद्धा नव्हता. पण हेमांगी पाहत होती दुसराच आकडा.

"मॅडम, बाळाच्या वारेजवळच्या शमनपेशी बघा. परवा शंभर धरल्या तर आत्ता एकेचाळीस."

डॉ. यामिनी मुजुमदारांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. प्रयोगशाळा त्यांची होती, हेमांगी त्यांच्या हाताखालची संशोधक होती आणि गेली वीस वर्षं त्या गर्भवतींच्या रक्तात डोकं घालून बसल्या होत्या.

"मोजणी बरोबर आहे?"

"फक्त माझी जनुकखूण असलेल्या पेशी मोजते. बाळाच्या थोड्या पेशी वारेतून माझ्या रक्तात येतात, त्या पाहुण्या म्हणून वगळल्यात."

"मग गेल्या कुठे ह्या?"

"आतड्याकडे. माझ्याच यंत्रानं बोलावल्या."

यामिनीबाई खुर्चीत बसल्या. "चुकलंच आपलं. बाळ निम्मं तुझं, निम्मं त्याच्या बापाचं. तुझ्या शरीराच्या लेखी निम्मं परकं. तरी त्याला कुणी हात लावत नाही, कारण वारेभोवती ह्याच शमनपेशींचा पहारा असतो. तुझ्याकडे दोन पलटणी नाहीत गं."

"किती खाली चालेल?"

"वीस. त्याच्याखाली तुझं शरीर बाळाला ओळखायचं बंद करेल."

आकडा दर तासाला पाच-सहानं उतरत होता. हेमांगीला हिशेब करायची गरजच नव्हती. दुपारी दीडपर्यंत सगळं संपणार होतं.

"हाक बंद केली तर?"

"तर त्या वारेकडे परततील आणि आतडं उघडं पडेल. मागच्या वेळी बारा दिवस सलाईनवर होतीस. आता तसं झालं तर कळा लागतील. तिसावा आठवडा आहे, हेमांगी."

म्हणजे आगीतून फुफाट्यात. पण आधी गहू कुठून येतोय ते शोधायला हवं होतं. हेमांगीनं सासूबाईंना फोन करून कालच्या स्वयंपाकातलं सगळं सामान घेऊन बोलावलं.

इंदुताई दोन पिशव्या घेऊन आल्या. डोहाळजेवणासाठी त्या चार दिवसांपूर्वीच गावाहून आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी सुनेचं स्वयंपाकघर घासून काढलं, नवा तवा आणला. ओटीसुद्धा गव्हाऐवजी तांदळांनी भरली आणि कुजबुजणाऱ्या शेजारणींना एका वाक्यात गप्प केलं.

"गहू घरात औषधालाही नाही, डॉक्टर. माझ्या हातचं आहे सगळं."

तांदूळ, वाल, गूळ, नारळ, मसाले. तपासपट्टी एकेकाला लावून झाली, सगळं स्वच्छ निघालं. शेवटी पिशवीच्या तळाशी एक पितळी डबी उरली.

"तो माझा हिंग. गावाहून आणलाय, डबी कालच उघडली. तुमच्या बाजारातल्याला वास नसतो. चिमूटभर तर पडतो, त्यात काय असणार?"

पट्टी लालभडक झाली.

"हिंगाचा चीक फार उग्र असतो," यामिनीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "तो बांधायला पीठ घालतात. पुष्कळदा गव्हाचं."

काखेत कळसा होता. इंदुताईंनी डबीकडे पाहिलं, मग सुनेच्या पोटाकडे. "वाल बाधू नयेत म्हणून काल बिरड्यात मुद्दाम दुप्पट घातला. आज सकाळी तेच वाढलं."

हेमांगीला त्यांचा राग आला नाही असं नाही. आला, आणि तो नवा तवा, ती तांदळांची ओटी आठवून ओसरला. उरली ती भीती. दोनदा ती रिकामी घरी परतली होती. हाक बंद करायच्या कळीवर बोट ठेवताना तिला तोच रिक्षातला रस्ता आठवला.

"आतडं माझं आहे, ते सोसेन," ती म्हणाली. "पहारा बाळाकडे जाऊ दे."

अकरा वाजता तिनं हाक बंद केली.

बारापर्यंत आकडा तिसावरून छत्तीसवर चढला. एक वाजता अठ्ठावन्न झाला, आणि त्याच सुमारास पोटात पहिला पीळ बसला. ओळखीचा होता. घाम फुटला. तिनं इंदुताईंचा हात इतका घट्ट धरला की त्यांच्या बांगड्या हातात रुतल्या, पण त्यांनी तो सोडवला नाही. ही नुसती सुरुवात आहे हे तिघींनाही ठाऊक होतं.

पण ती कळ वाढलीच नाही. दोनला सैल पडली. साडेतीनला आकडा नव्वदवर गेला आणि हेमांगीनं चक्क पेज मागितली.

यामिनीबाईंनी अन्नप्रहरीनं पाठवलेलं चित्र उघडलं. आतड्याची सूज उतरत होती. खाली लिहिलं होतं, 'शमनपेशी शून्य.'

"शून्य कशा? मग आग विझवली कुणी?"

हेमांगी पडद्याकडे बघत राहिली. "मोजत नाहीये मी त्यांना," ती पुटपुटली आणि तिनं पाहुण्या पेशी वगळणारी गाळणी काढून टाकली.

पडदा भरून गेला.

"बाळाच्या," यामिनीबाई म्हणाल्या. "वार हा दुतर्फा रस्ता आहे. काल तुझ्याच पेशींनी जागा अडवली होती, आज ती मोकळी मिळाली."

"पण हाक तर बंद होती."

"यंत्राची. जखमेची हाक कोण बंद करणार?"

"त्याच्याकडे पुरेशा उरल्यात ना?"

"ह्या वयात गर्भाकडे हव्यात त्याहून जास्तच असतात. पण ही डबी आजच घराबाहेर. असा भरवसा दरवेळी धरायचा नसतो."

इंदुताई डोळे पुसत म्हणाल्या, "म्हणजे माझी चूक त्यानं एकट्यानं निस्तरली?"

हेमांगीचं लक्ष पडद्यावर होतं. तिनं पेशी खुणेप्रमाणे वेगळ्या केल्या होत्या. एकच स्तंभ यायला हवा होता. आले तीन.

एक उंच. त्याच्या शेजारी दोन बुटके. तिन्हींत निम्मी खूण तिची होती, निम्मी तिच्या नवऱ्याची. तरी तिन्ही वेगळे.

"मॅडम, हे कोण?"

यामिनीबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "पहारेकरी घडायला आठ-दहा आठवडे पुरत नाहीत. पण त्याआधीच गर्भाच्या मूळपेशी आईत उतरतात आणि वर्षानुवर्षं राहतात. ह्या तुझ्यात राहिल्या, तुझ्यातच मोठ्या झाल्या. पहिला मुलगा होता. दुसरी मुलगी."

मग हेमांगी रडली, पाच वर्षांत पहिल्यांदा मोकळेपणानं. इंदुताईंनी तिचं डोकं पोटाशी धरलं.

पडद्यावर प्रणाली नव्या स्तंभांना नाव विचारत होती. उंच स्तंभावर हेमांगीनं महिन्यांपूर्वी दिलेलं नाव आपोआप येऊन बसलं होतं, 'बाळ'. बाकीचे दोन कोरे होते.

तिनं डोळे पुसले. त्यांतल्या पहिल्यावर लिहिलं, 'थोरला'. दुसऱ्यावर, 'मधली'. मग उंच स्तंभावर आली, 'बाळ' पुसलं आणि तिथं लिहिलं, 'धाकटं'.